हँड पॅलेट ट्रकच्या हँडलचे चुकीचे सुटे भाग पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
सुटे भाग व ग्राहक सेवा विभाग

विषय : मॉडेलला न बसणारे हँडल किट बदलून मिळणे अथवा रक्कम परत मिळणे.

महोदय,

तासगावच्या आमच्या शीतगृहात बेदाण्याच्या पेट्या हलवायला तुमच्या कंपनीचे २५०० किलो क्षमतेचे हँड पॅलेट ट्रक (पॅलेट उचलून हाताने ओढायच्या गाड्या) आहेत. त्यांतल्या एकाच्या हँडलमधली, लिव्हरपासून पंपाच्या व्हॉल्व्हपर्यंत जाणारी आणि माल खाली उतरवणारी चेन तुटली, लिव्हरची स्प्रिंगही मेली. पंप, ऑइल सील, चाके सगळे धडधाकट. म्हणून मॉडेल क्रमांक कळवून, प्लेटचा फोटो जोडून फक्त चेन, स्प्रिंग आणि पिन मागवली. सुटे भाग मिळत नाहीत, पूर्ण किट घ्यावे लागेल, असे तुमच्याकडून सांगण्यात आले. तेही मान्य करून आगाऊ पैसे भरले.

आलेल्या पाकिटावर आमचाच मॉडेल क्रमांक आहे, पण आतला माल त्या मॉडेलचा नाही. चेन आखूड आहे. तिच्या टोकाचा ॲडजस्टिंग बोल्ट खालच्या पट्टीच्या खाचेत ओढूनताणून बसतो आणि नट शेवटच्या आट्यापर्यंत सैल केला तरी चेन ताणलेलीच राहते. त्यामुळे लिव्हर मधल्या (ना उचलण्याच्या, ना उतरवण्याच्या) स्थितीत असतानाही पंपाचा व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो आणि उचललेला माल आपोआप खाली बसू लागतो. पिन तर भोकात घट्ट बसतच नाही, हाताने सरकते.

हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. भरलेले पॅलेट ओढताना मध्येच फोर्क (पॅलेटखाली जाणारे दोन दांडे) खाली बसले तर पॅलेट जमिनीला घासून अडते आणि वरच्या पेट्या हँडल धरलेल्या हमालाच्या अंगावर येऊ शकतात. शीतगृहातली फरशी ओलसर असते, तिथे पटकन मागे सरायलाही जागा नसते. आम्ही तो ट्रक बाजूला काढून ठेवला आहे. बाहेरच्या मिस्त्रीने तार बांधून चेन वाढवून देण्याची तयारी दाखवली होती. मी नकार दिला. माणसांच्या जिवाशी असा खेळ मी करणार नाही आणि तुमच्या कंपनीनेही करू नये.

तुमच्या सेवा विभागाने फोनवर सांगितले, "चेन सगळ्या मॉडेलला सारखीच असते." तसे असते तर जुनी आणि नवी चेन शेजारी ठेवल्यावर लांबीतला फरक डोळ्यांना दिसला नसता. दोन्हींचा मोजपट्टी लावून काढलेला फोटो सोबत जोडला आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, हे माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे "उघडलेले पाकीट परत घेत नाही" ही तुमची सबब इथे लागू होत नाही. पाकीट उघडल्याशिवाय चूक कळणार कशी?

योग्य लांबीची चेन, बोल्ट-नट आणि पिन तुमच्या खर्चाने पाठवावी. ते जमत नसेल तर किट परत नेऊन वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम द्यावी. शिवाय चेनची लांबी आणि पिनचा व्यास प्रत्येक मॉडेलनिहाय तुमच्या सुट्या भागांच्या यादीत छापा. तीन छोट्या वस्तूंसाठी अख्खे हँडल किट गळ्यात मारणे बंद झाले, तर माझ्यासारख्या अनेक गोदामवाल्यांचा चांगला ट्रक भंगारात जाणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. किट आणि जुनी चेन जपून ठेवली आहे. तुमच्या प्रतिनिधीने कामाच्या वेळेत येऊन मोजून घ्यावी.

आपला,
व्यवस्थापक, शीतगृह
तासगाव, जि. सांगली

सोबत : इन्व्हॉइसची प्रत, मॉडेल प्लेट व दोन्ही चेनचे फोटो