वाघ दिसला नाही तरी चालेल

संपादक महोदय,

करिअरबद्दल लिहिताना डॉक्टर, इंजिनिअर, आयटी हे नेहमीच येतं, पण प्राणिसंग्रहालयं आणि म्युझियम डिझाइन करणं हेही पूर्णवेळ काम असतं हे कुणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं तेच करतोय. सुरुवातीला वाटायचं आपण नुसते पिंजरे सजवतोय, आणि खरं सांगू, लाजच वाटायची. मग कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्याबद्दल वाचलं, त्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळच्या आपल्या झूमध्ये लोखंडी गजांऐवजी खंदक ठेवले, आणि पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत सिएटलच्या झूमध्ये गोरिलांना खरी झाडंझुडपं, उंचसखल जमीन मिळाली, म्हणजे तिथे पाहुणा कोण तर माणूस.

आता गंमत (की डोकेदुखी?) अशी की प्राण्याला लपायला जागा हवी आणि तिकीट काढून आलेल्याला तो दिसायलाच हवा. या भांडणात मी प्राण्याच्या बाजूने, क्लायंट कितीही वैतागला तरी. म्युझियमचं वेगळंच, तिथे पाटीवरचा मजकूर निम्मा करायचा, शोकेस व्हीलचेअरवरच्या माणसालाही नीट दिसेल अशा उंचीवर आणायची, यातच दिवस जातात. पैसा काही फार नाही यात. पण उद्घाटनानंतर मी गुपचूप गर्दीत जाऊन उभा राहतो, आणि एखादं पोरगं आईचा हात ओढत परत त्याच काचेपाशी येतं, "थांब ना, ते आत्ता हललं!" म्हणतं, तेव्हा मी घड्याळ बघत नाही.

– एक वाचक