भेग वरूनच निघते

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

पीनिंगचा, म्हणजे धातूवर छर्ऱ्यांचा मारा करायचा, वेळ दुप्पट केला आणि पुन्हापुन्हा ताण देण्याच्या चाचणीत नमुने उलट लवकर तुटले, हे तुझं गाऱ्हाणं काल ऐकलं. फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी तुटलेलं टोक भिंगाखाली धर. शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसल्या, तर त्यांचा माग काढत उलटं जा. भेग निघाली ती जागा सापडेल. बहुतेक वेळा ती पृष्ठभागावरच असते. हत्याराचा ओरखडा, खाचेचा कोपरा, गंजाचा खड्डा. उगम कातडीच्या खाली मिळाला, तर मात्र पीनिंगने आपलं काम केलंय.

छर्रे वरचा थर ठोकून पसरवतात. खालचा धातू त्याला पसरू देत नाही, म्हणून तो थर दाबाखाली अडकून राहतो. भेगेला तोंड उघडायचं तर आधी हा दाब फेडावा लागतो. साध्या पीनिंगमध्ये हा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच संपतो. एवढ्याशा जाडीवर सगळी भिस्त!

आता तुझी आल्मेन पट्टी, म्हणजे माऱ्याचा जोर मोजायची पट्टी. 76 मिमी लांब, 19 मिमी रुंद, स्प्रिंग स्टीलची. एका बाजूने मारा केला की ती कमानीसारखी वाकते. आधी भराभर, मग रेंगाळत. वेळ दुप्पट करूनही कमान जेमतेम 10 टक्के वाढली, की सॅच्युरेशन झालं. त्यापुढे पट्टी फारसं काही सांगत नाही, नमुना मात्र मार खात राहतो. धातूच्या बारीक घड्या पडतात, कडा दुमडतात. घडी म्हणजे आयती भेगच की! ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत तर हे फार लवकर होतं.

मी याहून मोठा गाढवपणा केलाय. पीन केलेला शाफ्ट मापात बसेना, म्हणून वरून ग्राइंडिंग मारलं. दाबाचा थर खरवडला गेलाच, शिवाय ग्राइंडिंगच्या उष्णतेने तिथे दाबाऐवजी भेग उघडणारी ओढ बसली. शाफ्ट खांद्याच्या, म्हणजे जाडी बदलते तिथल्या, गोलाईत तुटला आणि मी दोन दिवस मटेरियलला शिव्या देत होतो.

हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कडक मुलामा, द्यायचा असेल तर पीनिंग त्याआधी. क्रोमच्या थरात केसासारख्या भेगा मुळातच असतात, खालचा दाबाचा थर त्यांना अडवतो.

नमुन्यांच्या कडा पीनिंगआधी गोल केल्या होत्यास का, ते कळव. आणि तुटलेली टोकं एकमेकांना जुळवून बघू नकोस, वळ्या घासून जातात.

तुझा,
बाबा