सुईवाल्या ताईंना, एका सुईवालीकडून

प्रिय ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टर ताई,

तुमच्यासमोर बसून हे बोलता आलं नसतं. तुम्ही लगेच "बरं, हात वर करा बघू" म्हणाला असता आणि माझं राहून गेलं असतं. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवते. गेल्या दिवाळीच्या गर्दीत उजवा खांदा धरला. सासूबाई म्हणाल्या उसण भरली. एका मालिशवाल्याने हात असा ओढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. संक्रांतीपर्यंत वेणी घालता येईना, मागचं हूक लावता येईना आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. गिऱ्हाइकांना तारखा देऊन देऊन तोंड लपवायची वेळ आली होती.

तुमच्याकडे आले ती सुया टोचून घ्यायला. तुम्ही मात्र आधी विचारलं, "साखर कधी तपासली होती?" कधीच नाही! "मग आज सुई नाही. तपासून या." खरं सांगते, रागच आला. रिपोर्ट आला तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.१ टक्के, म्हणजे मधुमेह. मधुमेह असला की खांदा असा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, हे तुमच्याकडून कळलं. तुम्ही फिजिशियनकडे चिठ्ठी दिलीत आणि बजावलंत, "त्यांची गोळी माझ्या सुईसाठी बंद करायची नाही."

मग सुया. आमच्या मशीनची १४ नंबरची सुई, पाकिटावर ९०/१४ लिहिलेलं असतं, म्हणजे ०.९ मिलिमीटर जाड. ती एकदा माझ्या बोटातून आरपार गेली आहे, त्यामुळे मी दात आवळूनच बसले होते. तुमची निघाली ०.२५ची. भरीव, नेढं नाही, धरली तर वाकते. छोट्या नळीतून टिचकी मारून कधी आत गेली ते कळलंही नाही. कळलं ते नंतर : आत जडजड, दबल्यासारखं, मुंग्या चालल्यासारखं. पण वापरलेली सुई तुम्ही सरळ पांढऱ्या डब्यात टाकून देता ना, तेव्हा माझा जीव तुटतो. एका टाक्याला एक सुई! कारण पटतं, तरी तुटतो.

आणि खांदा दुखत असताना नडगीत सुई? गुडघा आणि घोटा यांच्या बरोबर मध्ये, जरा बाहेरच्या अंगाला. त्या जागेला 'त्याओखौ' म्हणालात. ती फिरवता फिरवता मला हात हलवायला लावलात आणि भिंतीवरची माझी बोटं आदल्या दिवशीच्या पेन्सिलच्या खुणेपेक्षा चार बोटं वर गेली. दुसऱ्या दिवशी दोन बोटं खाली आली, तेही लिहायला हवं.

दहा बैठका झाल्या. पाचवीनंतर रात्रीची झोप परत आली. हात सुटायला पुढे चार महिने लागले, रोज भिंतीवर बोटं चढवून आणि हात लोलकासारखा झुलवून. सुयांनी किती झालं, व्यायामाने किती, हे मला विचारू नका. तुम्हीच सांगितलं होतंत की असा खांदा वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआपही सुटतो आणि खोट्या, म्हणजे नुसत्या वरवर किंवा भलत्याच जागी, सुया टोचूनही काहींना बरं वाटल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. स्वतःच्या धंद्याबद्दल असं कोण सांगतं हो?

भिंतीवरचा डॉ. कोटणीसांचा फोटो बघून मी ऐटीत म्हटलं होतं, आमच्या सोलापूरच्या माणसाने ही विद्या आणली. तिथेही तुम्ही थांबवलंत. कोटणीस १९३८ साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. पुढे ही विद्या तिकडे शिकून कलकत्त्यात सुरू केली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. घरी येऊन मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, तुला डॉक्टर नाही, मास्तरीण भेटली."

साखर आता ७ च्या आत आहे. परवा वेणी स्वतः घातली, वाकडी आली.

तुमचा मोरपंखी ब्लाऊज तयार आहे. शिलाई विचारलीत तर देणार नाही. माप जुन्यावरून घेतलंय, म्हणून आत माया जरा जास्तच सोडली आहे. घट्ट झाला तर उसवून देईन.

तुमची,
नडगीत सुई टोचली म्हणून भांडलेली टेलरबाई