'स्टूल नॉर्मल' या अहवालाचा खरा अर्थ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या एक वहिनी आपल्या यजमानांच्या तपासण्यांची फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. यजमानांचे दीड वर्षापूर्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असून, शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात. तीन आठवडे त्यांना पाण्यासारखे जुलाब होत होते, वजन सात किलोंनी उतरले होते आणि फाइलमध्ये संडास तपासणीचे तीन अहवाल एकापाठोपाठ एक लावलेले होते. तिन्हींवर एकच ओळ होती : 'ओव्हा, सिस्ट – नॉट सीन', म्हणजे परजीवींची अंडी किंवा सिस्ट (कवचबंद अवस्था) दिसली नाहीत. वहिनींनी विचारले, "तपासणीत काहीच निघत नाही, मग जुलाब थांबत का नाहीत?" हा प्रश्न अनेक घरांत विचारला जात असणार, म्हणून त्याचे उत्तर आपल्या वृत्तपत्रातून द्यावेसे वाटते.

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ३१ वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. ज्या फॉर्मवर नुसते 'स्टूल रूटीन' लिहिलेले असते, त्या नमुन्याचे काय होते हे मी रोज केलेले आहे. काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा व दुसऱ्या बाजूला आयोडीनचा थेंब घेऊन त्यात काडीच्या टोकाएवढा नमुना मिसळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. यात गोलकृमीची, हुककृमीची अंडी दिसतात, जिआर्डिया हा परजीवी दिसतो, अमीबाचे सिस्ट दिसतात. धडधाकट माणसासाठी बहुतेक वेळा एवढे पुरते. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे किंवा एचआयव्हीने खालावलेली आहे, त्याच्या आतड्यात प्रामुख्याने जे परजीवी बळावतात, ते या तपासणीत नजरेतून सहज निसटतात. त्यांपैकी क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचे ऊसिस्ट, म्हणजे संडासातून बाहेर पडणारी त्याची कवचबंद अवस्था, अवघे चार ते सहा मायक्रॉनचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान असते. ते आयोडीनचा रंग घेत नाही आणि सलाइनमध्ये यीस्टच्या पेशीसारखे दिसते. दिवसाला साठ-सत्तर काचपट्ट्या पाहणाऱ्या तंत्रज्ञाने ते यीस्ट समजून सोडून दिले, तर त्याला मी दोष देणार नाही, कारण हा रुग्ण कोण आहे आणि त्याच्या नमुन्यात काय शोधायचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

माझी तक्रार नेमकी इथेच आहे. फॉर्मवर नाव, वय, वॉर्ड आणि 'स्टूल रूटीन' एवढाच मजकूर येतो. रुग्णाचे प्रत्यारोपण झाले आहे, त्याला केमोथेरपी चालू आहे, त्याचा सीडी-फोर काउंट (एचआयव्हीत घटणाऱ्या, प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) ८० पर्यंत उतरला आहे, तो सहा महिने स्टेरॉइड घेतो आहे, यांपैकी एक ओळ जरी लिहिली तरी आमच्या टेबलावर कामाची पद्धतच बदलते. मग आम्ही सुधारित ॲसिड फास्ट स्टेनिंग, म्हणजे परजीवी उठून दिसावेत म्हणून काचपट्टी रंगवण्याची एक पद्धत, वापरतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. क्षयाच्या बेडक्याच्या तपासणीत वापरतात तेच कार्बोल फ्युक्सिन (लाल रंग), तेच मेथिलीन ब्लू (निळा रंग); फरक इतकाच, की रंग उतरवायला २५ टक्क्यांऐवजी एक टक्का सल्फ्युरिक आम्ल घ्यायचे, कारण या ऊसिस्टवर चढलेला रंग तीव्र आम्लाने निघून जातो. वर्षानुवर्षे बेडका तपासत आलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेला हे अर्ध्या तासात जमण्यासारखे आहे. निळ्या पार्श्वभूमीवर क्रिप्टोस्पोरिडियमचे गुलाबी-लाल ठिपके उठून दिसतात, तर यीस्ट निळेच राहते.

शेजारच्या गृहस्थांच्या डॉक्टरांना मी हे सांगितले आणि त्यांनी ते मोकळेपणाने ऐकून घेतले, हे आवर्जून नमूद करते. चौथा नमुना पूर्ण माहितीसह गेला आणि त्यात क्रिप्टोस्पोरिडियम सापडला. दरम्यान त्यांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, वाढले होते. जुलाबांमुळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते आणि ती वाढलेली पातळी मूत्रपिंडालाच इजा करते. मात्र वाढलेले क्रिएटिनिन पाहून शरीर मूत्रपिंड नाकारू लागले आहे असा समज झाला असता, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवली गेली असती. प्रत्यक्षात या आजारात ती शक्य तितकी कमी करावी लागतात, कारण क्रिप्टोस्पोरिडियमवर निटाझोक्सानाइडची गोळी एकटी पुरी पडत नाही, शरीराची स्वतःची ताकद थोडी तरी परतावी लागते. निदानाला लागलेले तीन आठवडे म्हणूनच मला फार मोठे वाटतात.

एचआयव्हीची औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. त्याआधीची वर्षे ज्यांनी वॉर्डात काढली, त्यांना जुलाबांनी अक्षरशः वाळून गेलेले तरुण आठवत असतील. एका तिशीच्या ट्रकचालकाचा नमुना मला अजून आठवतो. दोन महिने मेट्रोनिडाझोल या अमीबावरच्या औषधाचे कोर्स एकामागून एक चालू होते. आमच्या वरिष्ठ मॅडमनी स्वतः वॉर्डात जाऊन केसपेपर वाचला आणि स्टेनिंग करायला सांगितले. काचपट्टीवर लांबट, होडीच्या आकाराची, आत एकदोन लाल गोळे असलेली ऊसिस्ट दिसली. तो सिस्टोआयसोस्पोरा नावाचा दुसरा परजीवी होता. त्यावरचे औषध कोट्रायमोक्साझोल, म्हणजे कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी स्वस्त गोळी. आठवडाभरात तो मुलगा उठून बसला आणि त्याने जेवायला भाकरी मागितली. अशा रुग्णाचे निदान हुकणे मला सर्वांत जास्त सलते, कारण तिथे उपचार हाताशी असतात आणि केवळ नाव न कळल्यामुळे ते दिले जात नाहीत.

दुसरा विषय स्टेरॉइडचा आहे आणि तो आपल्या शेतकरी समाजाच्या अधिक जवळचा आहे. स्ट्राँगिलॉइडीस नावाचा बारीक कृमी ओल्या, मैलामिश्रित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतो. इतर जंतांपेक्षा त्याचे वेगळेपण असे, की तो त्याच शरीरात पुनःपुन्हा स्वतःची नवी पिढी वाढवू शकतो. दुसऱ्या महायुद्धात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेमार्गावर राबवल्या गेलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांमध्ये तो तीसहून अधिक वर्षांनंतरही सापडला होता. एरवी तो गुपचूप राहतो, पण स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की त्याच्या अळ्या आतड्याची भिंत भेदून सर्वत्र पसरतात आणि आतड्यातील जिवाणू रक्तात नेतात. दम्यासाठी अनेक महिने स्टेरॉइड घेतलेल्या एका शेतकऱ्याचा बेडका क्षयासाठी आमच्याकडे आला होता. पट्टीवर धाग्यासारखे काही दिसले म्हणून उरलेल्या बेडक्याचा थेंब सलाइनमध्ये पाहिला, तर त्यात अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू वाढला होता. ते तिसऱ्या दिवशी गेले.

हा कृमी साध्या तपासणीत अनेकदा सापडत नाही, कारण संडासात त्याची अंडी नव्हे तर अळ्या येतात आणि त्याही थोड्या, अधूनमधून. त्यासाठी आगर प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थराच्या बशीत, नमुन्याचा लहान गोळा ठेवून, प्लेट टेपने बंद करून काही दिवस ठेवतात. पावसाळ्यात ओल्या अंगणातून गांडूळ सरपटून गेल्यावर जशी रेघ उमटते, तशा जिवाणूंच्या वसाहतींच्या नागमोडी रांगा अळ्यांच्या वाटेवर उमटतात. नमुना फ्रीजमध्ये ठेवलेला असेल तर हे जमत नाही, तो ताजा लागतो. इओसिनोफिल (जंत झाल्यावर सहसा वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढलेले नाहीत म्हणून जंत नाहीत, हा तर्कही या रुग्णांत चालत नाही, कारण स्टेरॉइड इओसिनोफिलची संख्या खाली आणते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणाऱ्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीवरही इथे विसंबता येत नाही. या कृमीवरचे खात्रीचे औषध आयव्हरमेक्टिन आहे. २०२१ साली काळ्या बुरशीने आपल्याला स्टेरॉइडची दुसरी बाजू दाखवली. तेव्हा मधुमेह तपासायला आपण शिकलो. दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी शेतात राबणाऱ्या माणसाची या कृमीसाठी एकदा तपासणी व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

अँटिबॉडीच्या तपासण्यांबाबतही सावध राहावे लागते. अँटिबॉडी, म्हणजे संसर्गाविरुद्धची प्रतिपिंडे, शरीराने बनवायच्या असतात आणि इथे नेमकी तीच क्षमता मंदावलेली असते, त्यामुळे 'निगेटिव्ह' अहवालावर प्रकरण मिटत नाही. मेंदूतील टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा आजार हा बहुधा जुनाच संसर्ग पुन्हा उफाळलेला असतो, म्हणून त्यात नव्या संसर्गाची आयजीएम तपासणी सहसा निगेटिव्ह येते. पीसीआरची, म्हणजे एकाच नमुन्यात अनेक जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी, महागडी पॅनेल आता शहरांत मिळतात आणि क्रिप्टोस्पोरिडियमसाठी ती उत्तम आहेत, पण वर सांगितलेले सिस्टोआयसोस्पोरा व स्ट्राँगिलॉइडीस त्यांच्या यादीत बहुधा नसतात. हजारो रुपये भरून आलेला कोरा अहवाल पाहून रुग्ण आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त होतात, हे मी पाहिलेले आहे.

सार्वजनिक आरोग्य विभागाला आणि खासगी प्रयोगशाळांना माझी विनंती आहे, की संडास तपासणीच्या छापील फॉर्मवर 'प्रतिकारशक्ती कमी असण्याचे कारण' आणि 'संशयित परजीवी' असे दोन रकाने असावेत आणि ते भरल्याशिवाय नमुना घेऊ नये. अहवालातही कोणत्या पद्धतीने पाहिले ते लिहावे. 'सलाइन व आयोडीनमध्ये आढळले नाही, विशेष स्टेनिंग केलेले नाही' एवढे वाक्य असते, तर वहिनींना माझ्याकडे यावेच लागले नसते. रुग्णांच्या नातेवाइकांनीही नमुना देताना चालू औषधांची चिठ्ठी डबीबरोबर द्यावी आणि एक अहवाल कोरा आला तरी दिवसाआड आणखी दोन नमुने द्यावेत, कारण हे परजीवी रोज संडासात उतरतातच असे नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली