ओहोटीची वेळ सांगणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

तुमची नात मोबाइलवर दिवसभर काहीबाही वाचत असते, असं तुम्हीच म्हणाला होतात. तिला हे पत्र सापडेल आणि ती तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवेल, या भरवशावर लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुंबईत कार्टर रोडच्या खडकांवर कालवं काढायला येणाऱ्या खारदांड्याच्या मावशी, एवढ्यावर ओळखणारे ओळखतील.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी सातला मशीन लागलं की पुढचे चार तास ते आत आणि मी बाहेर. बाकड्यावर बसून दार उघडलं की दचकायचं, नर्सच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघायचं, हे सोसेना म्हणून मी समुद्रावर यायला लागले. पण समुद्रावर येऊनही माझं डोकं आतच असायचं. क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, आज वजन किती वाढलं. क्षितिजाकडे डोळे लावून बसले होते तेव्हा खालून तुमचा आवाज आला, "लांब काय बगतस, बाय? पायाखाली बग." आणि लगेच, "चप्पल काढू नको हां, कालवं पाय कापतान."

त्या दिवशी तुम्ही मला शंखातला खेकडा दाखवलात. मला आधी फक्त एक शंख दिसला, बोराएवढा. तुम्ही म्हणालात, थांब. थांबले. शंखाखालून दोन मिशा आल्या, मग देठावरचे डोळे, मग पाय, आणि शंख चालायला लागला. तुम्ही टोपलीतून एक रिकामा, थोडा मोठा शंख काढून त्या डबक्यात ठेवलात आणि परत कालवं फोडायला वळलात. तुम्हाला त्यात काही विशेष नव्हतं. मी मात्र उकिडवी बसून बघत राहिले. त्यानं नवा शंख पायांनी चाचपला, उलटा केला, तोंडात नांगी घालून आत काही नाही ना ते पाहिलं. बराच वेळ हेच. आणि मग एकाएकी जुन्यातून निघून नव्यात शिरला. त्या एका क्षणात त्याचं मागचं अंग दिसलं, मऊ, गुलाबीसर, वळलेलं. पुढून टणक कवचाचा खेकडा, आणि मागचं शरीर असं उघडं, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढला की घर बदलतो. हे मला तुम्ही सांगितलंत, नंतर मी वाचलंही. पण वाचून ते तसं कळलं नसतं.

मावशी, तेवढा वेळ मला पोटॅशियम आठवलं नाही. बऱ्याच दिवसांनी असं घडलं होतं.

दुसरी गोष्ट तुम्ही दिलीत ती अण्णांनाच जास्त उपयोगी पडली. मी विचारलं होतं, तुम्ही कधी दिसता, कधी आठवडाभर दिसत नाही, असं का? तुम्ही तिथीचं गणित सांगितलंत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास मागे किंवा पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. रोज पाणी साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप, कालवांचे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, मग तुम्ही येऊन करणार काय?

हे मी घरी जाऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले आहेत, गणित म्हटलं की ते सावरून बसतात. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि पेन्सिलीनं प्रत्येक चौकोनात ओहोटीची वेळ लिहायला सुरुवात केली. त्या कॅलेंडरवर तोवर फक्त डायलिसिसच्या लाल फुल्या होत्या. आता आदल्या रात्री ते मला सांगतात, "उद्या द्वितीया, साडेसातला पाणी पार खाली असेल, मला आत सोडलंस की रेंगाळू नकोस." पाणी पिण्यावर बंधन असलेल्या माणसाचा घसा कायम कोरडा असतो, चिडचिड होते. पण मी परत आल्यावर पहिला प्रश्न असतो, "आज काय काय होतं?"

मग मी सांगते. खडकाला चिकटलेले ते पांढरे धारदार शंकू, बार्नॅकल म्हणतात ते, मेलेले नाहीत; पाण्याखाली असले की त्यांची झापडं उघडतात आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन पाण्यातलं अन्न आत ओढतात. हा प्राणी खडकाला डोकं चिकटवून जन्म काढतो आणि पायांनी जेवतो, हे ऐकून अण्णा मशीनच्या खुर्चीत मोठ्यानं हसले होते, सिस्टर बघायला आल्या. तिवरांच्या चिखलात उड्या मारणारे निवटे त्यांना आधीपासून माहीत होते, पण खाण्याचे म्हणून. तो मासा अंग ओलं ठेवून कातडीतूनही श्वास घेतो, हे त्यांना नवं होतं. राखी रंगाचा समुद्रबगळा एक पाय पाण्यात हलवून मासे उठवतो ते मी करूनही दाखवलं.

तुम्ही एकदा पानात बांधून कालवं पुढे केलीत आणि देता देता थांबून विचारलंत, "तेंना चालतं काय?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारावं लागेल. तुम्ही आग्रह केला नाहीत, वाईट वाटून घेतलं नाहीत. कालवं मला दिलीत आणि त्यांच्यासाठी एक धुतलेली मोठी शिंप दिलीत. आमच्याकडे येणारी किती माणसं "थोडंसं खा हो, काही होत नाही" म्हणतात, त्यांना मी तुमचं उदाहरण देते. ती शिंप अण्णांच्या उशाशी आहे. तिच्या आतल्या बाजूवर हात फिरवत बसतात.

या शहरात समुद्र बघायला लोक सूर्यास्ताला येतात, फोटो काढतात, पाठ करून जातात. त्या काठाखालचे खडक रोज दोनदा उघडे पडतात आणि त्यावर एवढं जग आहे, हे मला इतकी वर्षं मुंबईत राहून कुणी सांगितलं नव्हतं. कोस्टल रोडच्या कामासाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की मुंबईच्या खडकांवर प्रवाळंसुद्धा आहेत. तुमच्यासारख्या बायकांना कुणी विचारलं असतं तर हे कधीच कळलं असतं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या डबक्यांत आता पिशव्या आणि गुटख्याची पाकिटं येतात. तुम्ही ती काढून टोपलीच्या कडेला खोचता, मीही आता तेच करते.

मावशी, अण्णा बरे होतील असं मला कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही कधी "होईल सगळं नीट" म्हटलं नाहीत, आणि त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. तुम्ही मला वाकून बघायला शिकवलंत. माझ्या घरात आजाराखेरीज बोलायला दुसरं काही आणून दिलंत, आणि ते रोज नवं असतं.

पुढच्या पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला अण्णांची डायलिसिसची सुट्टी आहे. व्हीलचेअर खडकांवर उतरणार नाही, पण कठड्यापर्यंत येईल. त्यांनी वेळ काढून ठेवली आहे, सकाळी सव्वाआठ. त्यांना तुम्हाला भेटून आभार मानायचे आहेत आणि एक शंकाही विचारायची आहे: पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे जोरात असला की पाऊणपटीच्या हिशेबात काही फरक धरायचा का, आणि धरायचा तर किती?

तुमची,
कठड्यावरची बाय