विश्वस्त झालेल्या मित्रास

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयाचा विश्वस्त झालास, मनापासून आनंद झाला. थोडी काळजीही वाटली. तू लिहितोस, 'खाटा कायम भरलेल्या असतात, म्हणजे चिंता नाही.' अरे, खजिनदार झाल्यावर मीही हेच धरून चाललो होतो. मग एका महिनाअखेरीस वॉर्ड भरलेले, हिशेबात शिल्लक दिसतेय आणि पगाराला बँकेत पैसे नाहीत, अशी वेळ आली. शिल्लक अडकली होती विमा कंपन्यांकडच्या बिलांत. पगार नऊ दिवस उशिरा झाले. वॉर्डातल्या मावशींसमोरून जाताना मान वर होत नव्हती.

त्या रात्री बिलिंगच्या मुलीबरोबर परत आलेल्या क्लेमच्या फायली उघडून बसलो. एकीत डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची सही नव्हती, दुसरीत इम्प्लांटचं स्टिकर चिकटवायचं राहिलेलं. पेशंट बरा होऊन चालत घरी गेला आणि पैसे एका सहीपायी चार महिने लटकले!

म्हणून पहिल्याच बैठकीत विचार : उद्यापासून एक पैसाही आला नाही, तर आपण किती दिवस तग धरू? वर्षाच्या खर्चातून घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी फक्त कागदावर धरलेला खर्च, वजा कर, 365 ने भाग. हा रोजचा रोख खर्च. हाताशी असलेल्या रकमेला त्याने भागलं की दिवस निघतात. देणगीदाराने ठरावीक कामासाठी दिलेला निधी त्यात धरू नकोस. खात्यावर दिसला तरी पगारासाठी त्याला हात लावता येत नाही.

घसारा इथे वजा केला, पण विसरू नकोस. एक्स-रे मशीन झिजतंच, आणि नव्यासाठी पैसे बाजूला पडले नाहीत तर एक दिवस विभागच बंद पडतो. दान मिळालेल्या यंत्राचाही देखभालीचा करार आणि तंत्रज्ञाचा पगार दरवर्षी आपल्याच अंगावर येतो.

कुणीतरी म्हणेलच, गरिबांवरचे मोफत उपचार कमी करा. ऐकू नकोस. आधी येणी वसूल करा. मोफत उपचारांचा हिशेब बुडीत बिलांत मिसळू देऊ नकोस. मिसळला की ज्यासाठी रुग्णालय उभारलं तेच काम तोटा म्हणून दिसायला लागतं. आणि ना-नफा म्हणजे शिल्लक टाकायचीच नाही, असं मुळीच नाही. ती कुणाच्या खिशात न जाता रुग्णालयातच परत यायची, एवढंच.

मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद पाठव. येण्यांची यादी वेगळी हवी, कुणाकडे किती आणि किती दिवसांपासून. रविवारी फोनवर बसून ओळ न् ओळ पाहू.

तुझा,
वसंत