नावं विचारायची राहून गेली

लेकीची शी पांढुरकी बघून ‘आजच मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणणाऱ्या ताई, तुमच्यामुळेच पित्तनलिकेचा आजार वेळेत कळला आणि जन्मानंतर ५८व्या दिवशी पित्ताला वाट करून देणारी ‘कासाई’ शस्त्रक्रिया (जपानी सर्जनच्या नावाची) झाली. आता ती ७ वर्षांची आहे. पित्त अंगात साचल्यामुळे खाज सुटते, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. रात्रपाळीच्या त्या सिस्टरनी तिच्या तळव्यांवर ओला रुमाल ठेवून गोष्ट सांगितली, मग कुठे ती झोपली. प्लीहा (पोटातला डावीकडचा अवयव) वाढलेली, पोटाला मार लागू द्यायचा नाही. तर वर्गातल्या पोरांनी तिला लंगडीत पंच केलं! केवढी ऐट होती त्या दिवशी तिची. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रक्त देऊन चहाही न घेता गेलेल्या दादा, तुमचेही.